पंचनाम्यात अडकलेलं मरण

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्याने हिवतापाची मोहीम जवळून पाहिली आहे. कर्मचारी दारोदार फिरायचा, तापकऱ्याच्या बोटातला थेंब काचपट्टीवर घ्यायचा. कुठल्या गावात ताप वाढला हे त्या नोंदींवरून कळायचं आणि फवारणी तिथे व्हायची. रस्त्यावरच्या मरणाचा असा माग कोणी काढला नाही.

१९८०च्या दशकात आवारपूर, गडचांदूरला सिमेंट कारखाने उभे राहिले आणि कोरपना तालुक्यातले रस्ते बदलले. चुनखडी इथलीच, कोळसा राजुरा-वणीकडच्या खाणींतला. कापसाच्या बंड्या जायच्या त्याच वाटेवर हायवा आणि बल्कर धावू लागले. नांदा फाट्यासारख्या ठिकाणी शाळकरी पोरं, मजूर, दुचाकी आणि जड वाहनं एकाच डांबरावर आली. रात्री एखादा ट्रक बंद पडला की चालक मागे दगड मांडतो, झाडाची फांदी टाकतो. दुरुस्ती झाली की ट्रक जातो, दगड तिथेच राहतात. मागून येणाऱ्या दुचाकीला ते दिसतात तेव्हा ब्रेक लावायलाही वेळ नसतो. पंचनाम्यात मग निष्काळजीपणा लिहिला जातो. दगड कुणी हटवायचे होते, हा प्रश्न त्यात येतच नाही.

रस्ते अपघात हा सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न आहे, असं जागतिक आरोग्य सभेने १९७४ मध्येच ठरावाने म्हटलं होतं. आपल्याकडे तो पोलीस ठाण्यातच राहिला. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली, महाराष्ट्रात १५ हजारांवर. देशातल्या मृतांत दर दहांत चारांहून अधिक दुचाकीस्वार. एवढी माणसं एखाद्या तापाने गेली असती तर गावोगावी पथकं उतरली असती.

काही पावलं पडली, ती खरी मोलाची. २०१४ मध्ये राज्यात १०८ रुग्णवाहिका आली. जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा नको, यासाठीच्या नियमांवर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. २०१९च्या दुरुस्तीने ते संरक्षण मोटार वाहन कायद्यात आलं. २०२५ मध्ये दीड लाखापर्यंत विनारोकड उपचारांची योजना लागू झाली, पण सात दिवसांपुरती. डोक्याला मार लागलेला कापूसवेचणीचा मजूर सात दिवसांत उठून बसत नाही. त्याला महिनोन्महिने कुणीतरी भरवावं लागतं, कूस बदलून द्यावी लागते. घरातली दुसरी मजुरी त्यात बुडते. तो वाचला, म्हणून मृतांच्या आकड्यात त्याची गणना नाही. आणि घरी आल्यावर त्याच्या दारात काचपट्टी घेऊन यावं तसं कुणी येत नाही.