सहापैकी एक

आमच्या गावच्या वाचनालयात वीज गेली की इन्व्हर्टरवर चार दिवे आणि दोन पंखे तीन तास चालत. गेल्या उन्हाळ्यात ते दहा मिनिटांतच बंद पडू लागले. तपासायला आलेल्या कारागिराने बॅटरीच्या दोन टोकांना मीटर लावला, १२.४ व्होल्टचा आकडा दाखवला आणि ‘बॅटरी ठीक आहे, इन्व्हर्टर बदला’ असे सांगून तो गेला. मीटर चुकला नव्हता. पण त्याने दाखवली होती ती बेरीज.

१२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा विद्युतघट, म्हणजे दुकानाच्या भाषेत सहा सेल, एकसर जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झालेला प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. एकसर जोडणीत सर्वांतून एकच प्रवाह वाहतो, त्यामुळे सर्वांत दुबळा सेल आधी रिकामा होतो. उरलेले पाच मात्र प्रवाह ढकलतच राहतात. मग त्या सेलची ध्रुवता उलटते; तो बेरजेत भर घालण्याऐवजी वजाबाकी करू लागतो. एकूण दाब कोसळला की इन्व्हर्टर बंद होतो. भार काढल्यावर थोड्या वेळाने तोच सेल पुन्हा भल्यासारखा दिसतो.

आजारी सेल ओळखण्याची जुनी आणि खात्रीची युक्ती हायड्रोमीटर. बॅटरी वीज देते तेव्हा गंधकाम्ल प्लेटांशी संयोग पावते आणि पाणी तयार होते. म्हणून द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व घटते. बॅटरी चार्ज करून काही तास स्वस्थ ठेवावी, मग डोळ्यांवर चष्मा आणि हातांत रबरी मोजे घालून सहाही सेल तपासावेत. नुकतेच पाणी घातले असेल तर आकडा फसवा येतो. एका सेलचा आकडा इतरांपेक्षा ०.०५० किंवा त्याहून अधिक खाली असला, तर तो सेल बिघडला असे समजावे.

वाचनालयाच्या बॅटरीत पाच सेलचे गुरुत्व १.२४० च्या आसपास होते, चौथ्याचे १.१५०. गुरुत्वात ०.८४ मिळवले की स्वस्थ सेलचा दाब साधारण कळतो: पाच सेल २.०८ व्होल्टचे, चौथा १.९९ चा. बेरजेत फरक पडला अवघा ०.०९ व्होल्टचा! कारागिराला तो दिसणार कसा? नंतर भार जोडून दाब पाहिला, तेव्हा काही मिनिटांतच तो धाडकन खाली आला.

सेल आतून पूर्ण शॉर्ट झाला, तर स्वस्थ बॅटरीही १०.५ व्होल्टच दाखवते. हा बिघाड लपत नाही, पण जास्त घातक असतो. चार्जर १४.४ व्होल्ट देतो ते सहा सेलसाठी, प्रत्येकी २.४. ते पाचांतच वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला २.८८ येतात. निरोगी सेल उकळल्यासारखे बुडबुडतात, पाणी उडते आणि हायड्रोजन साचतो. बंद खोलीत अशा वेळी एक ठिणगीही पुरते.

लिथियम बॅटरीत तर हायड्रोमीटर घालायला जागाच नसते. तिथे इलेक्ट्रॉनिक मंडल प्रत्येक सेलचा दाब वेगळा मोजते. तरीही ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या बोइंग ७८७ विमानातील आठ सेलच्या बॅटरीने पेट घेतला. एका सेलमधील अंतर्गत शॉर्टपासून सुरुवात होऊन उष्णता शेजारच्या सेलपर्यंत पसरली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. दाब मोजून प्रत्येक बिघाड वेळेत कळतोच असे नाही. म्हणून सेलमध्ये अंतर आणि उष्णतारोधक आडोसाही लागतो.

आजच्या एकसंध खोक्याच्या बॅटरीतला एकच सेल बदलता येत नाही. मग शोधायचा कशाला? आमच्यापुरते उत्तर सरळ होते. सहाही आकडे कागदावर लिहून दुकानात नेले, वॉरंटीत बॅटरी बदलून मिळाली आणि नव्या इन्व्हर्टरचा खर्च वाचला. आता बॅटरीशेजारी एक वही टांगली आहे. दर महिन्याला तिच्यात सहा आकडे लिहिले जातात.