मारो वारो, माझी पाळी

मुलगा आणि सून दोघेही नोकरीस जाणारी असल्यामुळे नातवंडांस संध्याकाळी खेळावयास नेण्याचे काम आम्हां उभयतांकडे आले. कारेलीबागेत आमच्या सोसायटीपासून हाकेच्या अंतरावर एक लहानशी बाग आहे. दोन झोके, एक घसरगुंडी, वाळूचा चौकोन आणि निंबाखाली चार बाकडी, एवढाच तिचा संसार. पण चार वर्षांच्या नातीला नि अडीच वर्षांच्या नातवाला याहून अधिक काही लागत नाही.

आरंभी चुका झाल्या त्या आमच्याच. नातू घसरगुंडीला भितो म्हणून त्याला मांडीवर घेऊन आम्ही खाली आलो. त्याच्या बुटाचा तळ पत्र्याला अडकला आणि पाय मुरगळला. मोठ्या माणसाच्या वजनाने अशा वेळी मुलाची नडगी मोडूही शकते, असे डॉक्टरांनी समजावले. तेव्हापासून मूल स्वतः जेवढे चढेल तेवढ्यावरूनच त्याने घसरावे, असा आमचा नियम आहे. उन्हाळ्यात पत्रा तापतो. म्हणून तो आधी आपल्या तळहाताने पाहावयाचा, हा दुसरा.

दुसरी चूक मात्र आम्हांस उशिरा कळली. एके दिवशी नात झोक्यापाशी उभी राहून ओरडली, “मारो वारो!” मग रोजच घसरगुंडीची लपसणी झाली, झोक्याचा हिंचको आणि लपंडावाची संताकूकडी. पिढ्यान्‌पिढ्या बडोद्यात राहूनही घरात मराठी जपलेल्या आम्हांस ते मनाला लागले. “माझी पाळी म्हणावे, बाळ,” असे आम्ही तिला बागेतच, सर्वांदेखत, वारंवार सांगू लागलो.

परिणाम असा झाला की पोर बोलेनाशीच झाली. दोन दिवस ती झोक्याच्या खांबाला धरून मुकाट उभी राही आणि मागून आलेली मुले तिच्या आधी झोका घेत. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बाकड्यावरील एक गुजराती बा हळूच म्हणाल्या, “बेन, छोकरीने बोलवा दो ने.” आम्ही वरमलो.

झोके दोन आणि मुले दहा. आपली पाळी येईतो थांबणे, आणि आल्यावर ती न रडता, न ढकलता मागून घेणे, हा बागेतला खरा धडा. तो धडा ज्या भाषेत इतर मुलांना समजेल त्याच भाषेत गिरवावयास हवा. तेथे आम्ही आमच्या भाषाप्रेमासाठी नातीची पाळी घालवीत होतो!

आता बागेत आम्ही तिला टोकत नाही. घरी परतताना मात्र बोट धरून विचारतो, “आज काय काय झाले?” मग ती सारी हकीगत मराठीत सांगते आणि तीत ‘मारो वारो’ची ‘माझी पाळी’ आपोआप होते. मराठी जगावयाची ती अशा ऐकून घेणाऱ्या कानांमुळे, टोकण्याने नव्हे.

आणखी एक गोष्ट केली. बाकडे सोडून आम्ही मुलांत गेलो आणि त्यांना विषामृत शिकवले. विष आणि अमृत हे शब्द दोन्ही भाषांत तेच. कोणालाही अर्थ सांगावा लागला नाही. आमच्या या शहराला ही रीत नवी नाही. १९२३ साली येथल्या हिंदविजय जिमखान्याने हुतूतूचे नियम छापले होते. आपला खेळ घरात जपून ठेवण्याऐवजी चारचौघांसाठी खुला करणे, हीच त्यामागची दृष्टी.

परप्रांती नांदणाऱ्या आमच्या वाचकांस एवढेच सुचवावेसे वाटते, की नातवंडांस रोज घटकाभर बागेत न्यावे, मोबाइल घरी ठेवावा आणि शेजारच्या भाषेचे भय धरू नये. परवा नातीने झोक्यावरून उतरून एका गुजराती मुलीला हाताने पुढे केले आणि म्हटले, “तारो वारो.” ते ऐकून आम्हांस जो आनंद झाला, तो मात्र आम्ही एकमेकांस मराठीतच सांगितला.