पाण्याचा घोट

आजाऱ्याच्या तोंडात पाणी घालणे हे आपल्याकडे मायेचे पहिले कर्तव्य समजले जाते. म्हणूनच अर्धांगवायूचा झटका येऊन अंथरुणास खिळलेल्या आमच्या आत्याने डोळे उघडताच घरातील एकाने तिला उताणीच असता चमच्याने पाणी पाजले, तेव्हा त्यात काही वावगे होत आहे असे आम्हां कोणाच्याही मनात आले नाही. तिला ठसकाही लागला नाही. चौथ्या दिवशी ताप चढला, छाती घरघरू लागली, आणि पाणी फुप्फुसात उतरत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा ठसका न लागणे हेच खरे भयाचे लक्षण होते, ही गोष्ट आम्हांस उमगली.

मनुष्याच्या घशाची रचना मोठी जोखमीची आहे. श्वासाची वाट आणि अन्नाची वाट तेथे एकमेकींस छेदतात, आणि घास घशात उतरताच सुमारे एका सेकंदाच्या अवधीत श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वरतंतू मिटतात, त्यांवर झडप कलते व अन्ननलिकेचे द्वार खुले होते. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळला, तर ही उचल कोणासही जाणवेल. मेंदूतून निघणाऱ्या बारा मज्जातंतू-जोड्यांपैकी निदान पाच या बंदोबस्तावर तैनात असतात. पक्षाघाताने, कंपवाताने, घशाच्या कर्करोगावरील किरणोपचाराने किंवा नुसत्या वार्धक्याच्या क्षीणतेने यांपैकी एखाद्याची कामगिरी क्षणभर लांबली, तर सर्वांत चपळ असे जे पाणी, ते द्वार मिटण्यापूर्वीच श्वासनलिकेत शिरते.

पातळ ते सोपे, हा आपला समज येथे पुरता उलटतो. दुधात कुस्करलेली पोळी आपण म्हाताऱ्या माणसांस किती विश्वासाने देतो! परंतु त्यात पोळी चावावयाची असते आणि दूध तोवर थांबत नाही. एका घासात दोन निरनिराळ्या गती असल्यामुळे दुर्बल घशास तो अतिशय अवघड जातो. त्यापेक्षा एकजीव घोटलेला गुरगुट्या भात, नाचणीचे सत्त्व किंवा घट्टसर शिरा पुष्कळांस मानवतो. अर्थात हेही अंदाजाने ठरवावयाचे नसते. बेरियम मिसळलेला घास क्ष-किरणांच्या चलच्चित्रात पाहून, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून, चूक नेमकी कोठे होते हे वाचोपचारतज्ज्ञ, म्हणजे ज्यांना आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो ते, शोधून काढतात. पेय किती दाट असावे याचे मापही साधे आहे: दहा मिलिलिटरच्या सिरिंजमधून ते दहा सेकंद वाहू द्यावयाचे आणि किती उरले ते पाहावयाचे. हनुवटी खाली झुकवून गिळणे एकास उपकारक, तर दुसऱ्यास अपायकारक ठरते; आणि घट्ट केलेले पाणी न आवडल्यामुळे आजारी माणूस पाणीच कमी पितो, ही तक्रारही तितकीच खरी आहे, म्हणून शेजाऱ्याचा इलाज आपल्या घरी लागू करू नये.

वाचोपचार हा केवळ बहिऱ्या अथवा तोतऱ्या मुलांसाठी असतो, अशी समजूत आजही दृढ आहे. मुंबईत नायर रुग्णालयात १९६६ पासून या विद्येचे शिक्षण मिळत असूनही पक्षाघातानंतर तिकडे वळणारी कुटुंबे थोडीच, याची मला खंत वाटते. जीभ, ओठ, श्वास आणि स्वरतंतू हे बोलणे व गिळणे या दोहोंचे समाईक धन आहे. त्यामुळे दोहोंवरील उपचार एकाच हाती असणे स्वाभाविक होय.

आत्याची वाचाही गेली होती. पोटच्या मुलाचे नाव तिच्या ओठांवर येईना. मात्र संध्याकाळी घरात आरती सुरू झाली की तिचे शब्द सुरात मिसळत, आणि नातेवाईक त्यास देवाची कृपा म्हणत. १८६१ साली पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी ‘तां’ या एकाच अक्षरापलीकडे न जाणाऱ्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला, तेव्हा इजा डाव्या गोलार्धाच्या पुढील भागात आढळली. वाणीचा कारभार बहुतेकांत डावीकडे चालतो, तर गायनात उजव्या बाजूचाही वाटा असतो. पाठ झालेले बोल नव्याने जुळवावयाच्या वाक्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतात. १९७३ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी याच आधारावर सुरातून शब्दांकडे नेणारी उपचारपद्धती मांडली. शब्द हरपला म्हणजे बुद्धी हरपली असे नव्हे, आणि आत्याच्या उशाशी बसून तिच्याविषयी ती तेथे नसल्यासारखे आम्ही जे बोललो, ते तिने सारे ऐकले होते.

उपचार सुरू झाल्यावर तिला खुर्चीत ताठ बसविण्यात येई, रेडिओ बंद होई, आणि जेवणानंतरही अर्धा तास आडवे होण्याची मुभा नसे. प्रत्येक चमच्यानंतर तज्ज्ञ बाई तिला ‘आ’ म्हणावयास लावीत. आवाज पाण्यात बुडाल्यासारखा ओला आला तर पुन्हा गिळावयाचे, स्वच्छ आला तरच पुढचा चमचा. अर्धी वाटी सत्त्व संपावयास चाळीस मिनिटे लागत, आणि तेवढा वेळ तिचा मुलगा चमचा हाती धरून तिच्या ‘आ’कडे कान देऊन बसे.