कामगार संघांची मान्यता : सभासद-पडताळणी व गुप्त मतदान

एका उद्योगात अनेक कामगार संघ असल्यास सर्व कामगारांच्या वतीने मालकाशी वाटाघाटी करण्याचा अधिकार कोणाला द्यावा, हे ठरविण्याच्या या दोन पद्धती होत. नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. १९२६ च्या कामगार संघ अधिनियमात नोंदणीची तरतूद होती. मान्यतेची सक्ती करणारी १९४७ ची दुरुस्ती संमत झाली, पण अंमलात आलीच नाही.

अमेरिकेत १९३५ च्या वॅग्नर कायद्याने मतदानाचा मार्ग रूढ केला. मतदानापूर्वी मालक दबाव आणतात, म्हणून सह्यांची पत्रेच पुरेशी मानावीत, अशी तेथील संघांची मागणी आहे. भारतात चढाओढ मुख्यतः संघासंघांत असल्याने बाजू उलट पडल्या. इंटकने पडताळणीचा पुरस्कार केला, तर आयटक, हिंद मजदूर सभा व सिटू यांनी गुप्त मतदान मागितले. वर्गणी भरणारा सभासद संघाशी बांधलेला असतो, मत मात्र क्षणिक लाटेवर जाते, असा पहिल्या पक्षाचा युक्तिवाद. सभासदांच्या याद्या फुगविता येतात व एकच कामगार दोन संघांच्या पावत्या घेतो, हे दुसऱ्या पक्षाचे उत्तर अनुभवाला धरून आहे. गजेंद्रगडकर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगाने (१९६९) दोहोंतील निवड प्रस्तावित औद्योगिक संबंध आयोगावर सोपविली.

या वादाची खरी कसोटी मुंबईच्या कापडगिरण्यांत लागली. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ अन्वये स्थानिक क्षेत्रातील त्या उद्योगाचे २५ टक्के कामगार सभासद असणारा संघ ‘प्रातिनिधिक संघ’ ठरे. उरलेल्या पंचाहत्तर टक्क्यांच्या वतीनेही तोच बोले. कायद्याचे बळ यात होते आणि दुखणेही यातच. राष्ट्रीय मिल मजदूर संघाला हे स्थान होते. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, तेव्हा हा अधिनियम रद्द करण्याची मागणीही पुढे आली. गिरण्या ओस पडल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने प्रतिनिधी बदलला नाही. कामगारांचा कल बदलल्याचे मतपेटीद्वारे नोंदविण्याची सोयच अधिनियमात नव्हती.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या मान्यताविषयक अधिनियमाने (अंमल १९७५) पन्नास वा अधिक कामगारांच्या उपक्रमांत ३० टक्के सभासदत्वाची अट घातली आणि निर्णय औद्योगिक न्यायालयाकडे दिला. परंतु मोजणी सभासदांचीच राहिली. १९४६ च्या अधिनियमाखालील उद्योग या तरतुदीबाहेर ठेवण्यात आले.

मतदानाची पद्धत पुढे अन्य क्षेत्रांत स्वीकारली गेली. भारतीय खाद्य निगमाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुप्त मतदानाची कार्यपद्धती घालून दिली. रेल्वेत २००७, २०१३ व २०२४ मध्ये अशी मतदाने झाली. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. अनेक संघ असल्यास हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेला संघ तिच्यानुसार एकमेव वाटाघाटी संघ ठरतो. तसा संघ नसल्यास किमान २० टक्के पाठिंब्याच्या संघांची वाटाघाटी परिषद नेमली जाते.