दावीद राजाची मवाबी पणजी

इस्राएलाचा सर्वांत कीर्तिमान राजा जो दावीद, त्याची पणजी रूथ परमुलखातली आणि तीही मवाबी होती, ही गोष्ट हिब्रू धर्मग्रंथांनी झाकून तर ठेवली नाहीच, उलट तिच्या नावाचा चार अध्यायांचा एक स्वतंत्र ग्रंथच जतन करून ठेवला. मवाब म्हणजे मृत समुद्राच्या पूर्वेचे, आजच्या जॉर्डनमधले पठार. तेथील मेशा राजाचा इ.स.पू. नवव्या शतकातला शिलालेख 1868 साली धीबान येथे उजेडात आला. त्याची भाषा हिब्रूच्या इतकी निकटची आहे की, या दोन शेजाऱ्यांना परस्परांशी भांडताना दुभाष्याची गरज बहुधा पडली नसावी. खरे पाहता हे वैर भाऊबंदकीचेच होते. कारण उत्पत्तीच्या ग्रंथाप्रमाणे मवाब हा अब्राहामाचा पुतण्या लोट याला त्याच्याच थोरल्या कन्येपासून झालेला पुत्र, आणि या जन्मकथेतला उपहास कोणाही वाचकाच्या ध्यानी यावा असाच आहे. ‘अनुवाद’ ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायाने तर, मिसरातून निघालेल्या इस्राएलांना अन्नपाणी घेऊन सामोरे न आल्याबद्दल आणि शाप देण्यासाठी बलामाला मोल देऊन आणल्याबद्दल, मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत दहाव्या पिढीपर्यंत मज्जाव केला.

असा स्पष्ट निर्बंध असता रूथ आत आली कशी? कोणत्याही चमत्काराने नव्हे. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून मवाबात गेलेल्या कुटुंबातले तिन्ही पुरुष तेथे मृत्यू पावल्यावर विधवा सून विधवा सासूची, नामीची, सोबत न सोडता बेथलेहेमास येते आणि जवाच्या कापणीत सरवा वेचू लागते. शेताच्या कडा न कापता आणि पडलेली कणसे न उचलता ती दरिद्री व उपरी यांच्यासाठी सोडावी, असा नियमशास्त्राचाच दंडक होता. शेताचा धनी बवाज तिला कापणी करणाऱ्यांच्या पंगतीत बसवून हुरडा देतो. ती पोटभर खाते, आणि उरलेला सांजच्याला सासूपुढे ठेवते. ग्रंथकाराने हा बारकावा टिपला, परंतु तिला ‘मवाबी’ म्हणण्याचेही तो सोडत नाही. गावात राहून ती गावाची झाली, तरी तिच्या नावामागचे ते विशेषण शेवटच्या अध्यायापर्यंत सुटत नाही.

मग खळ्यावर एका मध्यरात्री ती बवाजाला, नामीच्या कुटुंबाचा आप्त या नात्याने, त्याच्या कर्तव्याची आठवण करून देते, आणि प्रकरण गावच्या वेशीत येते. येथे कथेला दिवाणी कज्ज्याचे रूप चढते. दहा वडीलधारे पंच म्हणून बसवले जातात. बवाजापेक्षा जवळचा एक हक्कदार नामीची जमीन सोडवून घ्यायला आधी राजी होतो. पण जमिनीबरोबर मृताचे नाव त्याच्या वतनावर चालवण्यासाठी ही मवाबी विधवाही पत्करावी लागेल असे कळताच, आपल्या स्वतःच्या वतनाची खराबी होईल, या भयाने पाऊल मागे घेतो आणि आपला जोडा काढून बवाजाच्या हवाली करतो. ज्याने वारशासाठी रूथला नाकारले, त्याचे नाव ग्रंथकाराने मुद्दामच ‘अमुकतमुक’ ठेवले. एवढी सभ्य शिक्षा मला अन्यत्र आढळलेली नाही.

जोडा काढण्याची ही रीत ‘पूर्वी’ इस्राएलात होती, असा खुलासा ग्रंथकार स्वतःच करतो. तेव्हा तो घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहीत असला पाहिजे. परकीय स्त्रियांशी विवाहाला विरोध करणाऱ्या एज्रा व नहेम्या यांना दिलेले हे उत्तर होय, असे काही पंडित मानतात. काही त्याला राजेशाहीच्या काळाइतका जुना ठरवतात. काळाचा वाद पंडितांनी खुशाल चालवावा. परंतु एज्राचा ग्रंथ परकीय बायका केलेल्या पुरुषांच्या यादीने संपतो आणि रूथचा ग्रंथ पेरेसापासून दाविदापर्यंतच्या दहा पिढ्यांच्या वंशावळीने, हा विरोध दृष्टिआड करता येत नाही.

त्या वंशावळीत मात्र एक गोम आहे. बवाजापासून रूथला झालेल्या ओबेदाचा जन्म तिच्या मृत नवऱ्याचे, महलोनाचे, नाव चालवण्यासाठी, शेजारणी म्हणतात ‘नामीला मुलगा झाला’, आणि दप्तरात बाप म्हणून नोंद बवाजाची. रूथचे नाव तेथे नाहीच. ते पुढे मत्तयाने येशूच्या वंशावळीत घातले.

मज्जावाचे काय, हा प्रश्न तालमूद रचणाऱ्या यहुदी धर्मपंडितांनाही टाळता आला नाही. त्यांनी निर्णय दिला की निर्बंध मवाबी पुरुषांना लागू, स्त्रियांना नव्हे. कारण वाटसरूंना अन्नपाणी घेऊन सामोरे जाणे हा पुरुषांचा रिवाज. युक्तिवाद वकिली आहे खरा, पण तो केला नसता तर दाविदाचे सिंहासनच संशयात पडले असते. शौल राजाच्या भीतीने रानोमाळ हिंडताना दाविदाने आपल्या आईबापांना ठेवले ते मवाबाच्या राजाच्याच आश्रयाला, हेही शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात नमूद आहे.

रूथचा ग्रंथ मराठी बायबलात ‘शास्ते’ या ग्रंथाच्या लगेच नंतर सापडतो. अवघ्या 85 वचनांचा आहे. वाचकांनी ‘अनुवादा’चा तो तेविसावा अध्याय आधी वाचावा, आणि मग हा.