गरोदरपणातली कंबरदुखी: सब्रच्या नावाखाली सोसत बसू नका

पालीत काय किंवा बीडच्या मोहल्ल्यांत काय, गरोदर बाईनं 'कंबर लई दुखायली' म्हटलं की घरातून एकच उत्तर येतं, 'ये तो सबकूच होताय.' सासूबाई म्हणतात, आम्ही आठव्या महिन्यात पाणी भरलं. नवरा म्हणतो, मेडिकलवरून गोळी आणून देतो. विषय तिथंच संपतो.

'सबकू होताय' हे अर्धं खरं आहे. गरोदर बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींना कंबरदुखीचा त्रास होतो. पण सगळ्यांना होतं म्हणून त्यावर उपाय नाही, असा त्याचा अर्थ नाही. या दुखण्याला कारण आहे आणि बहुतेक वेळा घरच्या घरी आरामही पडतो. क्वचित ही कंबरदुखी मोठ्या धोक्याची खूण असते. या तिन्ही गोष्टी आपण इथे समजून घेऊ.

कंबर का दुखते?

हमल राहिल्यावर शरीरात काही हार्मोन वाढतात. त्यांपैकी एकाचं नाव रिलॅक्सिन. बाळंतपणात बाळाला वाट मिळावी म्हणून सांध्यांना धरून ठेवणारे बंध सैल होतात. ओटीपोटाच्या हाडांचे सांधेही त्यामुळे थोडे ढिले पडतात. ही कुदरतीची तयारीच आहे, पण सैल सांध्यांना सांभाळायचं काम मग कंबरेच्या स्नायूंवर येतं.

दुसरं कारण वजन. नऊ महिन्यांत बाईचं वजन साधारण 10 ते 12 किलोनं वाढतं आणि त्यातलं बरंचसं पुढच्या बाजूला असतं. तोल पुढे जाऊ नये म्हणून ती नकळत मागे झुकून चालते. कंबरेचा बाक वाढतो. पोटाचे स्नायू ताणले गेल्यानं पाठीला पुढून मिळणारा आधारही कमी होतो. म्हणून बहुतेकींना हे दुखणं पाचव्या ते सातव्या महिन्याच्या आसपास जास्त जाणवू लागतं.

दुखण्याची जागा दोन प्रकारची असते. कोणाची कंबर मधोमध, मणक्याच्या आजूबाजूला दुखते. ही बराच वेळ उभं राहिल्यावर किंवा वाकून काम केल्यावर वाढते. कोणाला त्याच्या खाली, कुल्ह्याच्या मागच्या बाजूला कळ येते. ही कूस बदलताना, जिना चढताना, एका पायावर भार देऊन सलवार घालताना जास्त जाणवते. आपली कळ नेमकी कुठं आहे हे डॉक्टरांना किंवा नर्सताईंना बोट ठेवून दाखवा. उपाय ठरवायला त्याची मदत होते.

घरात काय बदलायचं?

आपल्याकडचं बरंचसं घरकाम जमिनीवरचं आणि वाकून करायचं. केरसुणी आखूड, कपडे दगडावर, भाकऱ्या चुलीपुढं बसून. गरोदर बाईच्या कंबरेला नेमकं हेच सोसत नाही. थोडे बदल केले तरी फरक पडतो.

- केर काढायला लांब दांड्याचा झाडू घ्या. फरशी वाकून पुसण्यापेक्षा उभ्यानं पुसता येईल असा पोछा बरा.
- पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो वजन. तो तिनं उचलू नये. पाणी घरातल्या दुसऱ्यानं भरावं. हलकी वस्तू उचलायची असली तरी कंबरेत न वाकता गुडघे वाकवून खाली बसा, वस्तू अंगाजवळ धरा आणि मग उठा.
- ओट्याजवळ बराच वेळ उभं राहायचं असेल तर एक पाय छोट्या पाटावर ठेवा. थोड्या थोड्या वेळानं पाय बदला. शाळेत शिकवणाऱ्या, दुकानात उभ्या राहणाऱ्या बायकांनीही हेच करावं. मधूनमधून खुर्चीवर बसावं, पाठीमागे छोटी उशी घ्यावी.
- उंच टाचेची चप्पल नको आणि अगदी पातळ सपाट सपातीही नको. पायाला नीट बसणारी, मऊ तळव्याची चप्पल घाला.
- झोपताना डाव्या कुशीवर झोपा. दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटाखाली घडी केलेली गोधडी ठेवा. पाचव्या महिन्यानंतर फार वेळ उताणं झोपू नका. मध्ये झोळ पडलेली बाज टाळा.
- उठताना सरळ झटक्यात उठू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताच्या आधारानं उठून बसा.
- दुखऱ्या कंबरेला कोमट पाण्याच्या पिशवीनं दहा-पंधरा मिनिटं शेक द्या. पिशवी कपड्यात गुंडाळा. पोटावर शेक देऊ नका. कंबरेवर हलक्या हातानं तेल लावायला हरकत नाही, पण पोट दाबून घेणं, चोळून घेणं पूर्ण बंद.

व्यायाम म्हणजे धोका नाही

'अशा दिवसांत हालचाल करू नको' असं सांगणारेही घरात असतात. डॉक्टरांनी काही कारणानं पूर्ण आराम सांगितला असेल तर त्यांचं ऐकायचं. तसं काही नसेल तर सतत पडून राहिल्यानं कंबर उलट जास्त आखडते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2016 साली गरोदरपणातल्या काळजीबद्दल ज्या शिफारशी दिल्या, त्यांत कंबरदुखी टाळण्यासाठी गरोदरपणात नियमित व्यायाम करायला सांगितलं आहे. फिजिओथेरपी आणि कंबरेचा आधारपट्टा हे पर्यायही त्यात आहेत. पट्टा मात्र डॉक्टरांना विचारून आणि योग्य मापाचाच घ्यावा.

रोज वीस ते तीस मिनिटं सपाट रस्त्यावर चालणं हा सगळ्यात सोपा व्यायाम. फजरनंतर किंवा असरनंतर ऊन कमी असताना चाला.

घरात चटईवर करता येण्यासारखे दोन व्यायाम आहेत. पहिला: दोन्ही हात आणि गुडघे जमिनीवर टेकवा. श्वास सोडत पाठ मांजरीसारखी वर उचला, श्वास घेत पुन्हा सरळ करा. पाठ खाली झोळ पडेपर्यंत सोडायची नाही. दुसरा: भिंतीला पाठ टेकून उभं राहा, गुडघे किंचित वाकवा आणि कंबरेची मागची पोकळी भिंतीला टेकवण्याचा प्रयत्न करा. पाच मोजा, सोडा. दोन्ही व्यायाम आठ-दहा वेळा पुरेत. चक्कर आली, पोटात दुखलं किंवा अंगावरून काही गेलं तर लगेच थांबा आणि दवाखान्यात दाखवा.

मेडिकलची गोळी: इथं सावध राहा

डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्याकडे सहज मिळतात. गरोदरपणात त्या स्वतःच्या मनानं घेऊ नयेत. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं 2020 मध्ये इशारा दिला होता की 20 आठवड्यांनंतर अशा गोळ्यांमुळे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. दुखणं सहन होत नसेल तर पॅरासिटामॉलसुद्धा किती आणि किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चुकवू नका. दोन्ही एकाच वेळी घेऊ नका, मध्ये काही तासांचं अंतर ठेवा.

नमाज आणि रोजा

कंबर दुखत असताना रुकू आणि सजदा करताना कळ येते, तरी अनेक बहिणी ओठ चावून नमाज पूर्ण करतात. बसून पढली तर सवाब कमी होईल अशी भीती असते. दीननं इथं आपल्याला मोकळीक दिली आहे. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांनी आपल्या आजाराबद्दल विचारलं तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना शिकवलं की उभं राहून नमाज पढा, ते जमलं नाही तर बसून आणि तेही जमलं नाही तर कुशीवर. ही हदीस सहीह बुखारीत आहे. म्हणजे जेवढं जमतं तेवढं करायचं. बसून पढताना रुकूसाठी थोडं झुकावं आणि सजद्यासाठी त्याहून जास्त. खुर्चीवर कधी आणि कशी पढायची, याबद्दल आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना किंवा जाणत्या आलिमाला विचारून घ्यावं.

रोज्याचंही तसंच. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाची भीती असेल तर रोजा सोडण्याची सवलत आहे, नंतर कझा करता येतो. आपल्याकडच्या उन्हात दिवसभर पाणी न प्यायल्यानं लघवीचा जंतुसंसर्ग होऊ शकतो आणि त्यातूनही कंबर दुखते. म्हणून रोजा ठेवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

'सब्र कर' असं सांगणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की सूरह लुकमानमध्ये अल्लाहनं आईच्या गरोदरपणातल्या अशक्तपणाचा खास उल्लेख करून आईबापाशी चांगलं वागायला सांगितलं आहे. आणि हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलं आहे की प्रेषित (स.) घरात असताना घरच्यांच्या कामात हात लावत. मग पाण्याचा हंडा उचलण्यात आपल्या मर्दांना कसली लाज?

ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींसाठी

बीड जिल्ह्यात कंबरदुखीबद्दल बोलायचं आणि ऊसतोडीचा विषय टाळायचा, हे शक्य नाही. दरवर्षी दिवाळीच्या आसपास हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गरोदर असली तरी उचल फेडायची असते, म्हणून तीही फडात उतरते, वाकून ऊस तोडते आणि डोक्यावर मोळी घेऊन गाडीवर चढवते. अशा कंबरेला उशीनं आणि शेकानं किती आराम पडणार?

याचा शेवट कुठं होतो तेही आपल्या जिल्ह्यानं पाहिलं. जून 2019 मध्ये विधान परिषदेत सरकारनं सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. कंबर, ओटीपोट, अंगावरून पांढरं जाणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या किती तरी ऊसतोड बायकांना पिशवी काढायचा सल्ला मिळाला होता. त्याची चौकशी करायला सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कंबरदुखीचं कारण बहुतेक वेळा स्नायू, सांधे आणि अतिकष्ट हेच असतं, पिशवी काढून ते जात नाही. कोणी तसा सल्ला दिलाच तर आधी जिल्हा रुग्णालयात दुसरं मत घ्या.

गरोदर बहिणीनं शक्यतो फडावर जाऊ नये. जावंच लागलं तर माता बाल संरक्षण कार्ड सोबत न्यावं. ते दाखवून तिथल्या सरकारी दवाखान्यातही तपासणी करून घेता येते. मोळी उचलायचं काम मुकादमाशी आधीच बोलून दुसऱ्याकडे द्यावं.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

- कंबर ठरावीक वेळानं दुखते, थांबते, पुन्हा दुखते आणि पोट कडक होतं. नऊ महिने भरायच्या आत असं झालं तर वेळेआधी कळा सुरू झाल्या असू शकतात.
- अंगावरून रक्त किंवा पाणी जातं.
- ताप, थंडी, लघवीला जळजळ आणि एका बाजूला बरगडीखाली दुखतं. हा मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग असू शकतो.
- पायात जोर राहत नाही, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येतो किंवा लघवी-संडासवर ताबा राहत नाही.
- बाळाची हालचाल कमी झाल्यासारखी वाटते.
- पडल्यानंतर किंवा मोटारसायकलवर जोराचा धक्का बसल्यानंतर दुखणं सुरू झालं.

यांपैकी काहीही झालं तर रात्र असो की दिवस, 102 किंवा 108 ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत असते.

एरवीच्या तपासणीसाठी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांना डॉक्टर मोफत तपासतात. आशाताईंना सांगा, त्या सोबत येतात. लेडी डॉक्टर नाही म्हणून तपासणी टाळू नका. गरज असेल तेव्हा पुरुष डॉक्टरकडून इलाज करून घ्यायला शरियतमध्ये वाव आहे, सोबत नवरा किंवा घरची बाई असावी.

घरातल्या प्रत्येकानं एकेक काम वाटून घेतलं तर तिची कंबर अर्धी तिथंच हलकी होईल. येत्या 9 तारखेला घरातल्या, शेजारच्या गरोदर बहिणीला दवाखान्यात घेऊन जा. अल्लाह तआला सगळ्या मातांना सेहत आणि आफियत देवो. आमीन.