हेड का जाते? – जुन्या डिझेल ट्रकच्या इंजिनाविषयी थोडेसे

मी बँकेत कारकून आहे आणि माझे शिक्षण कला शाखेचे. तेव्हा ट्रकच्या इंजिनावर लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असा प्रश्न सभासद बंधू-भगिनींना पडला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर असे की, आमच्या थोरल्या बंधूंच्या ट्रकने एका हंगामात आम्हां सर्वांना हा विषय पैसे मोजून शिकविला. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आपली कितीतरी मुले ड्रायव्हर आहेत, काही गॅरेजमध्ये हाताखाली काम करतात, काही आय.टी.आय.ला मेकॅनिक डिझेलचा ट्रेड घेतात. त्यांना उपयोग व्हावा म्हणून जे समजले ते सोप्या भाषेत मांडीत आहे. त्यातले कसबाचे सगळे श्रेय दौंडच्या एका वयस्क मिस्त्रींचे आहे.

दादांची गाडी म्हणजे टाटा १२१०, सेकंडहँड, कर्ज काढून घेतलेली. (यातले १२ म्हणजे साधारण १२ टन एकूण वजन आणि १० म्हणजे साधारण १०० अश्वशक्ती. नाव ठेवण्याची ही रीत जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीची. टेल्कोचे तिच्याशी १९५४ ते १९६९ सहकार्य होते. टेल्को म्हणजे आजची टाटा मोटर्स.) २००६-०७ साली राज्यात ऊस अमाप झाला आणि गळिताचा हंगाम थेट उन्हाळ्यापर्यंत लांबला. न्हावरे, पारगाव, चौफुला, पाटस या पट्ट्यात ट्रकवाल्यांना उसंत नव्हती. नेमके त्याच वेळी, फेब्रुवारी ते मे या काळात, दादांच्या गाडीचे हेड पॅकिंग तीन वेळा गेले. प्रत्येक वेळी गाडी चार-पाच दिवस उभी. हप्ता चुकला की खातेदाराच्या कागदावर काय काय चढत जाते ते मी रोज टेबलावर पाहतो. ते आपल्याच घरी आले. दुसऱ्या वेळी वहिनींची बोरमाळ गहाण पडली. तिसऱ्या वेळी मात्र दादांनी गाडी दुसऱ्या मिस्त्रींकडे नेली आणि मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेलो.

आता हेड म्हणजे काय ते पाहू. इंजिनाचा खालचा जाड बीडाचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर, सिलिंडरमध्ये पिस्टन. वरून या सिलिंडरांवर जे झाकण बसते ते हेड. व्हॉल्व्ह हेडमध्येच, नोझल हेडमध्येच, आणि पाणी व ऑइल यांच्या वाटाही त्याच्यातूनच. टाटाच्या जुन्या सहा सिलिंडरी इंजिनाला सहांवर मिळून एकच लांब हेड असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सोळा-सतरा पट दाबली की ती इतकी तापते की आत मारलेले डिझेल आपोआप पेटते. पेटल्यावर आतला दाब एका चौरस सेंटिमीटरला सत्तर-ऐंशी किलोपर्यंत जातो. टाटाच्या ६९७ इंजिनाचा सिलिंडर ९७ मिलिमीटर व्यासाचा आहे. गुणाकार करून पाहा: एकेका सिलिंडरमधून पाच टनांहून जास्त रेटा हेडला वर ढकलत असतो, आणि तो मिनिटाला शेकडो वेळा. हा रेटा, पाणी आणि ऑइल या तिघांना एकमेकांच्या घरात जाऊ न देण्याचे काम एक पातळ पत्रा करतो. त्यालाच आपण हेड पॅकिंग किंवा गॅस्केट म्हणतो. हा पत्रा टिकतो तो दोन गोष्टींवर: वरखालचे दोन्ही पृष्ठभाग सपाट हवेत, आणि बोल्टांचा आवळा सगळीकडे सारखा हवा.

पॅकिंग गेले हे ओळखायचे कसे? ते कुठे फुटले त्यावर लक्षणे अवलंबून असतात. दोन शेजारच्या सिलिंडरांमध्ये फुटले तर पाणी कमी होत नाही, ऑइलही स्वच्छ राहते. पण गाडी मिसिंग करते, चढाला ओढत नाही आणि फटफट असा आवाज येतो. सिलिंडर आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये फुटले तर गाडी पाणी फेकते. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी चालू करावी आणि वरून पाहावे. बुडबुडे येत राहिले आणि ॲक्सिलरेटर दाबताच वाढले, तर सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतो आहे. थंड गाडी सुरू करताच एक-दोन मिनिटांत वरचा होज पाइप दगडासारखा कडक होणे हीसुद्धा तीच खूण. पाणी तापण्याआधीच दाब आला म्हणजे तो वाफेचा नव्हे. पाणी सिलिंडरमध्ये उतरत असेल तर सायलेन्सरमधून पांढरी वाफ येते आणि ती गाडी तापल्यावरही थांबत नाही. पाणी ऑइलमध्ये गेले तर ऑइलची पट्टी काढल्यावर दुधाच्या चहासारखा रंग दिसतो.

कोणता सिलिंडर बिघडला हे काढण्याची जुनी रीत सर्वांना माहीत आहे. गाडी हळू चालत असताना नोझलवरचा पाइपाचा नट एकेक करून किंचित सैल करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट सोडला की इंजिन पडते. ज्याचा सोडल्यावर काहीच फरक पडत नाही तो आधीच मेलेला. येथे मुलांना एक कळकळीची सूचना. नट फडके धरून थोडाच फिरवावा आणि त्या फवाऱ्यासमोर बोट कधीही आणू नये. पंपाच्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत जाते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण त्यापायी बोट गमावण्याची पाळी येते. गरम रेडिएटरचे झाकण उघडण्याविषयी तर वेगळे सांगायला नको, तरी दरवर्षी कोणीतरी भाजतेच.

मेलेला सिलिंडर सापडला म्हणजे दोष हेडचाच, असेही नाही. मिस्त्री प्रथम नोझल बदलून पाहतात, कारण ते अर्ध्या तासाचे काम आहे. नंतर कॉम्प्रेशन मोजतात. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवीत असतील तर मधले पॅकिंग. एकच कमी असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंगाही असू शकतात. बुडबुड्यांचेही तसेच. एअर ब्रेकच्या ज्या गाड्यांचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पाण्याने थंड होतो, त्यांत कॉम्प्रेसरचेच छोटे पॅकिंग गेले तर हवा पाण्यात शिरते आणि रेडिएटरमध्ये हुबेहूब तसेच बुडबुडे दिसतात. अशा वेळी चांगले हेड उगाच उतरविले जाते. आणि ऑइलमध्ये पाणी दिसले तर, ज्या इंजिनात ऑइल कूलर आहे तेथे त्याचीही तपासणी करावी. ऑइलमध्ये किंवा सिलिंडरमध्ये पाणी असल्याची शंका असेल तर मात्र गाडी स्टार्टर मारून पाहू नये. पाणी दबत नाही. पिस्टन त्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल काढून इंजिन आधी हाताने फिरवावे.

दादांच्या गाडीला बुडबुडे होते आणि वाफही होती, म्हणजे निदानाला काही अडचण नव्हती. आधीच्या दोन्ही वेळांचे निदानही बरोबरच होते. नवे पॅकिंग बसले, हेडचे फेसिंग झाले, गाडी चालू लागली. पण दौंडच्या मिस्त्रींनी हेड उतरविण्याआधी दादांना विचारले, "पाणी कुठलं टाकता?"

दादा म्हणाले, "असंल तिथलं. बोरचं, हापशाचं."

मिस्त्रींनी ब्लॉकचा पाणी सोडायचा कॉक उघडला. पाणी आलेच नाही. तार घालून ढोसले तेव्हा तपकिरी चिखल आणि पांढऱ्या खपल्या पडल्या. हेड उतरविल्यावर पाण्याच्या भोकांत बोट घालून मला म्हणाले, "बघा साहेब, बंबात असतंय तसंच हाय का न्हाय?"

अगदी तसेच होते. आपल्या घरच्या तांब्याच्या बंबात किंवा हीटरच्या रॉडवर जी पांढरी पुटे चढतात तीच ही. कालव्याच्या आणि उसाच्या आपल्या पट्ट्यात पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी जड आहे. त्यात विरघळलेला चुना पाणी तापले की बाहेर पडून सर्वांत गरम भागाला चिकटतो. इंजिनात सर्वांत गरम भाग हेडचा, त्यातही दोन व्हॉल्व्हमधली अरुंद पट्टी. या पुटांतून उष्णता बीडापेक्षा कितीतरी पट कमी वेगाने जाते. म्हणजे काट्यावर पाण्याचे तापमान ठीक दिसते, पण आतले बीड भाजत असते. एक मीटर लांब बीडाची पट्टी १०० अंशांनी तापली तर साधारण एक मिलिमीटर वाढते. हेड मध्ये जास्त आणि कडेला कमी तापले, वरून बोल्टांनी जखडलेले, मग ते वाकणार नाही तर काय करील? वाकले की पॅकिंगवरचा आवळा सुटतो आणि गॅस वाट काढतो. पॅकिंग हा बळी होता. दोनदा आम्ही बळीच बदलला.

यात भर घालणाऱ्या आणखी तीन गोष्टी सापडल्या. थर्मोस्टॅट कोणीतरी काढून टाकला होता. 'गाडी गार राहते' अशी समजूत. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट ८० अंशांच्या आसपास उघडून पाण्याची वाट बदलतो. काही इंजिनांत तो नसला की पाणी रेडिएटरला न जाता आतल्या आत फिरते. रेडिएटरच्या झाकणाची स्प्रिंग मेलेली होती. आपला भाग समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटर उंच, तेथे उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. झाकण दाब धरते म्हणून उकळण्याची मर्यादा वर जाते. आणि तिसरी गोष्ट दादांनी स्वतःच कबूल केली: गाडी तापली की किन्नर तापल्या इंजिनात गार पाणी ओतत असे. तापल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखेच ते. हेडला चीर पडते ती बहुधा अशीच.

दुरुस्तीचे आता. हेड पूर्ण थंड झाल्यावरच उतरवावे, आणि बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करीत आणावेत. पुशरॉड ज्या जागचा त्या जागी जावा म्हणून ओळीने ठेवावेत. दादांच्या वेळी एका पुठ्ठ्याला भोके पाडून मी ते काम केले, माझा सहभाग तेवढाच. हेडचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ केला की सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरपी ठेवून खाली फिलर गेजची पात घालून पाहतात. ०.१० मिलिमीटरची पात आरपार जाऊ लागली तर सहसा फेसिंगला द्यावे लागते. नेमकी मर्यादा त्या इंजिनाच्या पुस्तकात असते. तीच पट्टी ब्लॉकवरही ठेवावी. हे निम्मे लोक करीत नाहीत. फेसिंगलाही मर्यादा आहे. फार तासले तर व्हॉल्व्ह आणि नोझल खाली येतात आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो. आमचे हेड दोनदा तासून झालेले, म्हणून मिस्त्रींनी उंची मोजल्याशिवाय हात लावला नाही.

चीर शोधायला मशीन शॉपमध्ये हेडची भोके बंद करून पाण्यात दाबाने हवा सोडतात. गॅरेजमधली साधी रीत अशी: जागा रॉकेलने भिजवायची, कोरडी पुसायची आणि वर खडूची पूड लावायची. चिरेत शिरलेले रॉकेल पुडीत रेघ होऊन उमटते. बारीक चीर यातून सुटू शकते, म्हणून शंका असेल तर मशीन शॉपच बरे. व्हॉल्व्ह धरतात की नाही हेही हेड उलटे ठेवून, खळग्यात रॉकेल ओतून कळते.

बसविताना बोल्टांची भोके फुंकून कोरडी करावीत. बुडाशी ऑइल किंवा पाणी राहिले तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण आवळलेला नसतो, आणि ब्लॉक फुटण्याची भीती वेगळीच. नोझलखालचे तांब्याचे वॉशर नवे घ्यावेत. आवळताना मध्यापासून कडेकडे, तीन टप्प्यांत आणि टॉर्क रेंचनेच. 'माझ्या हाताला अंदाज आहे' म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मिस्त्रींच्या हाताला चाळीस वर्षांचा अंदाज होता, तरी त्यांनी रेंच शेजारच्या गॅरेजमधून मागून आणला. जुन्या पद्धतीचे पॅकिंग असेल तर गाडी चालवून तापवल्यावर, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे बोल्ट पुन्हा त्याच क्रमाने तपासावे लागतात आणि मग टॅपेट लावावे लागतात. हंगामाच्या घाईत हेच राहून जाते.

हेडचे काम दोन दिवसांत झाले. उरलेले तीन दिवस ब्लॉक धुणे, रेडिएटर खोलून त्याच्या नळ्यांतून पट्ट्या घालणे आणि वॉटर बॉडी बदलणे यात गेले. दादा कासावीस, कारण मागच्या दोन मिस्त्रींनी तिसऱ्या दिवशी गाडी हातात दिली होती. बिलही जास्त आले. त्या पॅकिंगवर गाडी पुढे सहा हंगाम चालली. नंतर दादांनी ती विकली. बोरमाळ त्याच वर्षी दिवाळीआधी सुटली.

रेडिएटरमध्ये तयार कूलंट टाकणे सर्वांत उत्तम. ते फक्त थंड प्रदेशासाठी असते हा गैरसमज आहे, त्यातली द्रव्ये गंज रोखतात आणि उकळण्याची मर्यादाही वाढवितात. ज्यांना घट्ट कूलंट पातळ करून वापरायचे आहे त्यांनी त्यात बोअरचे पाणी घालू नये. वहिनींनी त्या पावसाळ्यापासून पत्र्याच्या पन्हाळीखाली दोन पिंपे ठेवली. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यायचे, नंतरचे फडक्यातून गाळून भरायचे. मे महिन्यात पिंपे आटली की बॅटरीवाल्याकडचे डिस्टिल्ड वॉटर आणावे. तेही जवळ नसेल तर पाणी खळखळून उकळावे, रात्रभर ठेवावे आणि तळाचा गाळ न हलविता वरचे तेवढे घ्यावे.